डोलकाठी मोडते कुठे, सांधते कुठे

पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७२७ सालच्या बक्षिसासाठी प्रश्न जाहीर केला. जहाजावर डोलकाठ्या किती असाव्यात, कुठे उभ्या कराव्यात आणि किती उंच असाव्यात? उत्तर पाठवणाऱ्यांत स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा वीस वर्षांचा लेओनार्ड ऑयलर होता. त्याच्या देशाला समुद्र नाही. बक्षीस मिळालं ते फ्रान्सच्या किनाऱ्यावर वाढलेल्या, नौकाशास्त्र शिकवणाऱ्या पिएर बुगेरला. पण ऑयलरच्या निबंधाचीही अकादमीने सन्मानाने दखल घेतली. पुढे १७४४ साली याच ऑयलरने उभा खांब वरून दाबला तर तो नेमका कधी वाकून जाईल याचं सूत्र मांडलं. आज जगातली कुठलीही डोलकाठी त्या सूत्राला ओलांडून उभी राहू शकत नाही.

कडेगावात बसून डोलकाठीबद्दल लिहिताना मला ऑयलरचा मोठा आधार वाटतो. आमच्यापासून समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. पाणी म्हणजे विहिरीचं, नाहीतर टेंभू योजनेने उचलून आणलेलं कृष्णेचं. तरीही डोलकाठी हा विषय मला ओढून घेतो, कारण त्यात मोडणं आणि सांधणं यांचं गणित विलक्षण स्पष्ट दिसतं. एक उंच, सडपातळ काठी, तिच्यावर वाऱ्याचा सगळा जोर, आणि ती उभी राहावी म्हणून चहूबाजूंनी ओढलेले तणावे. यातली एक बारीक पिन निसटली तरी सगळं खाली येतं.

पहिला गैरसमज दूर करायला हवा. वाऱ्याने डोलकाठी आडवी ओढली जाते आणि म्हणून ती मोडते, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आधुनिक शिडाच्या नावेवरची काठी मुख्यतः खाली दाबली जात असते. शीड तिला बाजूला ओढतं. ती कलंडू नये म्हणून दुसऱ्या बाजूची तार तिला धरून ठेवते. आणि ती तार काठीच्या टोकापासून नावेच्या काठापर्यंत तिरकी उतरत असल्यामुळे काठीला बाजूला थोडंसं आणि खाली खूप ओढते. हिशेब करून पाहा. तार काठीशी १० अंशांचा कोन करत असेल, तर १०० किलोचा आडवा जोर अडवण्यासाठी तारेत सुमारे ५७५ किलोचा ताण यावा लागतो. त्यातला ५६५ किलोंहून जास्त भार काठीला सरळ खाली दाबतो. कोन २० अंशांचा केला तर तोच ताण २९० किलोंच्या आसपास उतरतो. नाव अरुंद असते, काठी उंच असते, त्यामुळे कोन आपोआप लहान होतो. त्यावरचा उपाय म्हणजे काठीच्या मधल्या उंचीवर दोन्ही बाजूंना बसवलेले आडवे दांडे. त्यांना नाविक स्प्रेडर म्हणतात. तार या दांड्याच्या टोकावरून वर जाते, कोन मोठा होतो, ताण घटतो.

स्प्रेडरचं दुसरंही एक काम आहे, आणि इथे ऑयलर येतो. वरून दाबलेला खांब चिरडून मोडण्याआधी मधे फुगून वाकतो. हे वाकणं किती भाराला सुरू होईल ते आधाराविना सुटलेल्या लांबीवर ठरतं, आणि तेही लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. आधाराविना असलेली लांबी निम्मी केली तर तोच खांब चौपट भार पेलतो. स्प्रेडर आणि मधल्या उंचीवर बांधलेल्या खालच्या तारा काठीला मधे धरून ठेवतात, तिचे दोन तुकडे करावेत तसं तिचं गणित बदलून टाकतात. म्हणून काठी एवढी बारीक असून चालते. भारतीय नौदलाची 'तारिणी' ही शिडाची नाव सुमारे १७ मीटर लांबीची आहे आणि तिची डोलकाठी सुमारे २५ मीटर, म्हणजे जवळजवळ आठ मजली इमारतीएवढी. अशी काठी नुसती जमिनीत रोवून वाऱ्यात उभी करायची ठरवली असती तर तिचा बुंधा कितीतरी जाड करावा लागला असता.

यातून मोडण्याचं शास्त्रही आपोआप निघतं. निरोगी काठी मोडली तर बहुतेक वेळा तिच्या आधी दुसरं काहीतरी निकामी झालेलं असतं. तारेच्या टोकाचा सांधा, तार आणि नाव यांना जोडणारी पिन, ती पिन निसटू नये म्हणून घातलेला दुमडलेला बारीक चाप, स्प्रेडरचा बुडखा. यांतलं एक सुटलं की काठीची आधाराविना लांबी क्षणात दुप्पट होते, म्हणजे तिची ताकद चौथाईवर येते. मग ती जाते. बघणाऱ्याला दिसते ती मोडलेली काठी. कारण मात्र बोटाएवढ्या तुकड्यात असतं.

स्टेनलेस पोलादाच्या तारेवर आपण फार भरवसा ठेवतो. नावातच डाग नाही म्हटल्यावर काळजी कशाची, असं वाटतं. पण हे पोलाद गंजू नये यासाठी त्याच्या पृष्ठभागावर हवेतल्या प्राणवायूने तयार होणारा पातळ थर लागतो. तार जिथे टोकाच्या नळीत दाबून बसवलेली असते तिथे आत खारं पाणी झिरपतं, हवा पोहोचत नाही, थर टिकत नाही आणि आतल्या आत गंज सुरू होतो. बाहेरून दिसतो तो फक्त एक तपकिरी ओघळ. अशा तारेची एखादी लड तुटून काट्यासारखी बाहेर आली तर ती तार बदलायचीच असते, तिथे दुसरा विचार नाही. लांबच्या प्रवासाला जाणाऱ्या नावांवर सगळ्या तारा दहा वर्षांच्या आसपास बदलण्याचा रिवाज आहे, त्या कितीही चकचकीत दिसोत. काठी ॲल्युमिनियमची आणि तिच्यावरचे सांधे पोलादाचे असले की आणखी एक संकट येतं: दोन वेगळे धातू, मधे खारं पाणी, म्हणजे एक लहानशी बॅटरीच. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. पोलादाच्या पट्टीखाली पांढरी भुकटी दिसली तर काठी तिथे आतून खाल्ली जात आहे असं समजायचं. दोन्ही धातूंमध्ये वीजरोधक लेप किंवा प्लास्टिकची पातळ चकती घातली तर हे टळतं, पण घातलेली असते का, हे पट्टी काढल्याशिवाय कळत नाही.

हे सगळं गोव्यात बांधलेल्या एका नावेच्या निमित्ताने मोठ्या अर्थाने समोर आलं, आणि त्या नावेची मुळं मुंबईत होती. १९६४ साली मुंबईत सागवानाची 'सुहेली' ही ३२ फुटी नाव पाण्यात उतरली. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा तरुण अधिकारी होता. १४ जून १९६८ ला तो या नावेतून इंग्लंडमधल्या फालमथहून एकटा निघाला आणि २२ एप्रिल १९६९ ला कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. असा पराक्रम त्याआधी कोणी केला नव्हता. मुंबईच्या सुतारांनी घडवलेली ती नाव होती, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं, आणि याचं मला वाईट वाटतं.

त्या प्रवासाला पन्नास वर्षं झाली म्हणून २०१८ साली त्या वेळची गोल्डन ग्लोब शर्यत, म्हणजे एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत, पुन्हा भरवली गेली. अट अशी की १९६८ साली उपलब्ध होती तेवढीच साधनं वापरायची. नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी यांच्यासाठी गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या अक्वेरियस शिपयार्डमध्ये 'सुहेली'ची प्रतिकृती बांधली गेली. तिचं नाव 'थुरिया'. याच दांडेकरांच्या गोदीतून नौदलाच्या 'म्हादेई' आणि 'तारिणी' या नावा बाहेर पडल्या आहेत. १ जुलै २०१८ ला फ्रान्सच्या ले साब्ल दोलोन बंदरातून शर्यत सुरू झाली. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून कित्येक हजार किलोमीटरवर, वादळाने 'थुरिया' पूर्ण उलथवली. नाव परत सरळ झाली, पण डोलकाठी मोडली होती आणि टॉमी यांच्या पाठीला जबर मार बसला होता. ते उठूही शकत नव्हते. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिनच्या नावेच्या दोन्ही डोलकाठ्या गेल्या. तरीही त्याने तात्पुरती काठी उभी करून टॉमींच्या दिशेने नाव वळवली. नौदलाच्या विमानाने मॉरिशसहून उडून 'थुरिया' शोधली आणि २४ सप्टेंबरला फ्रान्सच्या 'ओसिरिस' या मत्स्यगस्ती जहाजाने टॉमींना उचलून घेतलं, नंतर मॅकगकिनलाही.

अशा वेळी काठी कितीही भक्कम असती तरी वाचली असती का? मला नाही वाटत. नाव उलथते तेव्हा काठी पाण्यात आडवी आपटते आणि सगळ्या नावेच्या वजनाचा फिरण्याचा जोर पाण्याविरुद्ध तिच्यावर येतो. वाऱ्यासाठी केलेला हिशेब तिथे लागूच पडत नाही. त्यामुळे दूरच्या समुद्रात जाणाऱ्याला दोन वेगळे प्रश्न सोडवावे लागतात: काठी मोडू नये म्हणून काय करायचं, आणि मोडलीच तर काय करायचं.

मोडल्यानंतरचं पहिलं काम सांधण्याचं नसतंच. मोडलेला तुकडा तारांना लोंबकळत नावेच्या कडेला अडकून राहतो आणि प्रत्येक लाटेबरोबर तीच काठी नावेच्या पोटावर घण घालते. भोक पडायला वेळ लागत नाही. म्हणून पिना काढून, नाहीतर तारा कापून ती सोडून द्यावी लागते. तार कापायची मोठी कात्री आणि करवतीची पाती लांबच्या प्रवासात हाताशी ठेवतात ती यासाठी. जमलं तर बूम, म्हणजे शिडाची खालची कड धरणारा आडवा दांडा, एखादा स्प्रेडर, काही तारा वाचवायच्या. पुढची काठी त्यातूनच व्हायची असते.

त्यानंतर नाव विचित्र वागू लागते. काठी गेली म्हणजे वरचं वजन गेलं, आता नाव जास्त स्थिर होईल असं वाटतं. होतं उलटं. उंच काठीच्या वजनामुळे नाव हळू डोलते, लाटेने ढकललं तरी फिरायला वेळ घेते. काठी गेल्यावर ती झटक्यासरशी इकडून तिकडे फेकली जाते, आणि फुटणाऱ्या लाटेला तिला पुन्हा उलथवणं जास्त सोपं जातं. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने १५ खलाशांचा बळी घेतला. त्यानंतर झालेल्या अभ्यासांतून ही गोष्ट स्पष्ट झाली. आपल्या 'डोलकाठी' या शब्दातला डोल असा नावेचा रक्षणकर्ताही असतो.

त्याच २०१८ च्या शर्यतीत नॉर्वेच्या आरे विग याची काठी केप टाउनच्या नैर्ऋत्येला, जवळपास ४०० सागरी मैलांवर मोडली. शीड फुलवून धरण्यासाठी नावेवर जे दोन दांडे असतात, ते त्याने इंग्रजी ए अक्षरासारखे जोडून उभे केले, त्यावर लहान शिडं चढवली आणि कोणाची मदत न घेता केप टाउन गाठलं. या दोन पायांच्या रचनेची खुबी समजून घेण्यासारखी आहे. एक काठी उभी करायची तर तिला चारी दिशांनी तणावे हवेत, आणि हेलकावणाऱ्या नावेवर ती उचलताना बाजूला पडण्याची भीती. दोन पाय फाकवून टोकाला बांधले की बाजूला पडण्याचा प्रश्नच मिटतो. फक्त पुढून आणि मागून दोर ओढले की झालं.

पण दुरुस्तीच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्या शर्यतीच्या विजेत्याची गोष्ट. ज्यां-ल्यूक व्हान दन हीड हा ७३ वर्षांचा फ्रेंच नाविक. नोव्हेंबर २०१८ मध्ये केप हॉर्नच्या पश्चिमेला सुमारे १,९०० सागरी मैलांवर त्याची 'मातमुत' वादळात आडवी झाली. काठी मोडली नाही, पण खालच्या तारा ज्या बोल्टाला जोडलेल्या होत्या तो काठीची भिंत चिरत जवळपास ५ सेंटिमीटर खाली सरकला. तारा सैल पडल्या. म्हणजे आपण वर पाहिलं तेच, मधला आधार गेला. चिलीच्या बंदरात थांबलं असतं तर नियमाप्रमाणे मुख्य शर्यत संपली असती. वारा थोडा शांत झाल्यावर तो पुन्हा पुन्हा काठीवर चढला आणि चिवट दोराने तो सांधा वर बांधून घेतला, म्हणजे बोल्टावरचा भार दोरावर गेला. मग बेताबेताने शिडं लावत केप हॉर्न ओलांडून २९ जानेवारी २०१९ ला शर्यत जिंकली. नवी काठी नाही, वेल्डिंग नाही. भार कुठून कुठे जातो हे त्याला नेमकं कळलं होतं आणि त्याने त्या भाराला दुसरी वाट करून दिली.

याच माणसाने शर्यतीला निघण्यापूर्वी आपली डोलकाठी दीडेक मीटरने कापून आखूड करून घेतली होती. शर्यतीत वेग हवा, वेगासाठी मोठं शीड हवं, मोठ्या शिडाला उंच काठी हवी. आणि हा काठी कमी करतो. पण गणित त्याच्या बाजूचं होतं. त्याच जाडीच्या काठीची आधाराविना लांबी एक दशांशाने कमी केली तर वाकण्याआधी ती पेलू शकेल तो भार सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. शिवाय वरचं वजन उतरतं.

वरच्या वजनाचा मुद्दा कडेगावच्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मोहरमला आमच्याकडे शंभर फुटांहून उंच ताबूत निघतात, हिंदू आणि मुसलमान दोघांचे, बांबूच्या सांगाड्याचे. ते खांद्यावर घेऊन चालणाऱ्याला माहीत असतं की खालच्या मजल्यातला जड बांबू निभावून नेता येतो, पण शेंड्याला किलोभर वजन वाढलं तर प्रत्येक झुकाव खांद्यापर्यंत पोहोचतो. म्हणून बांधणारे वर जावं तसं सगळं हलकं करत नेतात. नावेवर हाच नियम आकड्यांत मांडता येतो. १५ मीटर उंचीवर १० किलोचं रडार बसवलं, तर त्याचा तोल साधायला पाण्याखाली दीड मीटरवर १०० किलो शिसं वाढवावं लागेल. काठीत फेरफार करताना लोक एकेक वस्तू वर चढवत जातात: दिवा, अँटेना, वारा मोजायचं यंत्र, जाड तार, मोठी कप्पी. प्रत्येक वस्तू एकेकटी क्षुल्लक असते. वजन वाढवणाऱ्या दहा सुधारणांपेक्षा वजन कमी करणारी एक सुधारणा मला शहाणपणाची वाटते.

आता कारखान्यातली दुरुस्ती. ॲल्युमिनियमची काठी मोडली तर सरळ वेल्डिंग करावं असं कोणालाही वाटेल. ट्रॉलीचा दांडा तुटला की आपण तेच करतो. पण डोलकाठीचं ॲल्युमिनियम उष्णतेच्या प्रक्रियेने कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने सांध्याजवळचा भाग पुन्हा मऊ पडतो. त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येऊ शकते. म्हणून मोडलेली दोन टोकं साफ कापून त्यांच्या आत घट्ट बसणारी दुसरी नळी सरकवतात आणि रिव्हेट किंवा स्क्रूने ती जखडतात. नळी दोन्ही बाजूंना काठीच्या जाडीच्या कित्येक पट आत जायला हवी. तिची टोकंही सरळ कापत नाहीत, जिभेसारखी निमुळती करतात. कारण जाड भाग एकदम संपून पातळ भाग सुरू झाला तर काठी वाकताना सगळा ताण त्या सीमेवर गोळा होतो आणि पुढच्या वेळी ती तिथेच मोडते. भोकं पाडतानाही तोच विचार: सगळी एका ओळीत नाहीत, चौकोनी कोपऱ्याची नाहीत. तडा नेहमी टोकदार कोपऱ्यातून सुरू होतो. तडा गेलेला दिसला तर त्याच्या टोकाला एक गोल भोक पाडून तो तात्पुरता थांबवता येतो, कारण गोलाईवर ताण वाटला जातो.

लाकडाची काठी मात्र सांधायला उदार असते. इथे एकच गोष्ट लक्षात ठेवायची: लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने धावतात, आणि कापलेल्या आडव्या टोकांना सरस धरत नाही. म्हणून दोन तुकडे लांब तिरपे तासून एकमेकांवर बसवतात. डोलकाठीसाठी हा उतार एकास बाराचा ठेवतात, म्हणजे १० सेंटिमीटर जाडीच्या काठीला १२० सेंटिमीटर लांबीचा सांधा. तिरप्या सांध्यात तंतूला तंतू लांबवर चिकटतो आणि नीट केलेला सांधा आजूबाजूच्या लाकडाइतकाच टिकतो. लाकडाचा खरा शत्रू खारं पाणी नाही, पावसाचं गोडं पाणी आहे. मीठ बुरशीला आवरतं. पाऊस तिला पोसतो. काठीचा बुडखा जिथे बसतो ती खाच आणि लोखंडी पट्ट्यांखालची जागा इथे पावसाचं पाणी साचतं आणि लाकूड आतून भुसभुशीत होतं. कोकणातल्या पावसाळ्यात हे किती वेगाने होत असेल ते वेगळं सांगायला नको. तासणीच्या मागच्या बाजूने ठोकून आवाज ऐकणं ही तपासणीची सर्वांत जुनी रीत: निरोगी लाकूड खणखणतं, कुजकं बद्द वाजतं.

नावेच्या पोटाला सागवान उत्तम, पण काठीला ते जड. काठीसाठी सरळ, उंच, हलकं झाड लागतं. पश्चिम किनाऱ्यावर हे काम पून या उंडीच्या कुळातल्या झाडाने केलं. सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या, विशेषतः कारवार आणि मलबारकडच्या ओल्या रानात ही झाडं भाल्यासारखी वाढतात, आणि मुंबईच्या गोदीत येणाऱ्या त्यांच्या डोलकाठ्यांना शिडाच्या जहाजांच्या काळात मोठी मागणी असे.

आणि कोकणातल्या जुन्या शिडाच्या होड्यांनी तर हा सगळा प्रश्नच निराळ्या तऱ्हेने सोडवला होता. त्यांची डोलकाठी आखूड, जाड आणि किंचित पुढे झुकलेली. उंची मिळते ती तिच्यावर तिरप्या टांगलेल्या लांब परबाणामुळे; त्या परबाणालाच शीड बांधलेलं. तणावेही कायमचे ताणलेले नसतात. वारा ज्या बाजूचा, त्या बाजूला खलाशी ते नेऊन आवळतात. काठी आखूड, म्हणून ऑयलरच्या सूत्रापासून ती खूप सुरक्षित अंतरावर. मोडायचंच असेल तर परबाण मोडतं, आणि अरबी समुद्रावरच्या मोठ्या नावांवर परबाण मुळातच दोन-तीन लाकडं एकमेकांवर ठेवून दोराने करकचून बांधलेलं असतं. एक लाकूड गेलं तर दोर सोडायचा, नवं लाकूड घालायचं, पुन्हा बांधायचं. समुद्रावर, उपलब्ध माणसांच्या हातांनी. या रचनेची किंमत म्हणजे नाव वळवताना ते लांबलचक परबाण काठीच्या दुसऱ्या बाजूला न्यावं लागतं, त्याला बरेच हात लागतात. इंजिनं आली तशी ही विद्या किनाऱ्यावरून झपाट्याने मागे हटली. ती पूर्ण जाण्याआधी तांडेलांकडून तपशीलवार लिहून घ्यायला हवी, असं मला तीव्रतेने वाटतं.

काठी-तणाव्यांची आपली ओळख तर फारच जुनी आहे. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या दुसऱ्या शतकातल्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज कोरलेलं आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे, उंच आणि अरुंद शिडांचं.

त्या अजिंठ्याच्या चित्रावरून अलीकडे एक खरं जहाज बांधलं गेलं. 'आयएनएसव्ही कौंडिण्य'. २०२३ साली सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली दांडेकरांचीच होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला. केरळचे जाणते कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली, फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवून ते उभं राहिलं, आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. पाण्यातल्या वर्तनाची चाचणी आयआयटी मद्रासने प्रतिकृतीवर केली. डोलकाठ्यांचा प्रश्न मात्र नौदलाने स्वतः हाताळला: कोणतंही आधुनिक साहित्य न वापरता बनवलेल्या लाकडी डोलकाठ्यांच्या रचनेचं तांत्रिक परीक्षण करण्यात आलं. चित्रात काठी दिसते, पण तिची जाडी किती, दोर कुठे बांधला, किती ताणला, हे चित्र सांगत नाही. ते सगळं हिशेबाने भरून काढावं लागलं असणार.

२९ डिसेंबर २०२५ ला 'कौंडिण्य' पोरबंदरहून निघालं आणि १४ जानेवारी २०२६ ला मस्कतला पोहोचलं. अंबाडीचं दावं वापरलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे की असा दोर भिजला की आखडतो आणि वाळला की सैलावतो. पोलादी तारेला ही खोड नाही. नैसर्गिक दोरांवर उभ्या असलेल्या लाकडी काठीचे तणावे दिवसाच्या उन्हात आणि रात्रीच्या दमट वाऱ्यात किती बदलले, ते कितीदा पुन्हा आवळावे लागले, काठीच्या बुडख्यावर कुठे घासल्याच्या खुणा पडल्या, या नोंदी त्या प्रवासातून निघाल्याच असतील. त्या छापून याव्यात, आणि मराठीतही याव्यात. पुढची लाकडी डोलकाठी उभी करणाऱ्याला त्यांचा सगळ्यांत जास्त उपयोग होणार आहे.